बास्केटचा मापाडी

परभणीच्या मैदानावर आमच्या शाळेच्या मुलींनी मारलेला जवळजवळ प्रत्येक चेंडू रिंगच्या पुढच्या कडेवर आपटून परत आला. सगळे चेंडू साधारण चार इंच आखूड पडत होते. ते चार इंच माझे होते.

झालं होतं असं. बहात्तरच्या दुष्काळानंतरची दोन-तीन वर्षं असतील. मी वसमतला एका शाळेत इतिहास आणि मराठी शिकवत होतो. हिंगोली जिल्हा व्हायला तेव्हा अवकाश होता. आमची सगळी सरकारी आणि क्रीडाविषयक नामुष्की परभणीला जाऊन पत्करायची पद्धत होती. शाळेला कुणा देणगीदाराकडून बास्केटबॉलचे दोन लोखंडी खांब मिळाले. मी अंगानं जरा उंच. एवढ्या एका पात्रतेवर हेडमास्तरांनी मला बास्केटबॉलचा प्रमुख केलं. पुस्तकात लिहिलं होतं, रिंग जमिनीपासून दहा फुटांवर हवी. घरात मोजायचं साधन एकच, आमच्या हिची, म्हणजे कुसुमची, शिवणकामाची टेप. साठ इंची. दोनदा लावली की एकशे वीस इंच, म्हणजे बरोबर दहा फूट. मी शिडीवर चढलो, टेप लावली, रिंग बसवली आणि खाली उतरून हात झटकले.

त्या टेपच्या टोकाची पितळी पट्टी निघाली म्हणून हिनं सुरुवातीचे दोन इंच कात्रीनं कापून टाकले होते, हे मला वर्षभरानं कळलं.

"अहो, विचारायचं तरी!" ही म्हणाली. "मी ब्लाउज बेतताना दोन इंच धरूनच चालते."

म्हणजे वर्षभर आमच्या मुली नऊ फूट आठ इंचांवरच्या रिंगेत चेंडू टाकायला मन लावून शिकल्या होत्या. परभणीत एकतीस विरुद्ध चार असे हरलो. त्या चारातलेही दोन गुण समोरच्या मुलीनं गोंधळून आपल्याच रिंगेत टाकल्यामुळे आम्हाला मिळालेले.

हेडमास्तरांनी निकाल ऐकला, खिडकीतून मैदानाकडे पाहिलं आणि म्हणाले, "खांब मजबूत आहेत. सायकल स्टँडच्या छपराला कामी येतील."

"सर, एक वर्ष द्या."

"एकच. पुढच्या खेपेला ढाल आली नाही, तर दिवाळीच्या सुट्टीत खांब उपटतो."

हेडमास्तर बोलल्याप्रमाणे वागणारे गृहस्थ होते. त्यांनी त्याच दिवशी छपराच्या पत्र्यांची चौकशी सुरू केली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी मैदानावर खिन्न उभा होतो. आमच्या मैदानाची मागची भिंत आणि मोंढ्याची, म्हणजे आमच्या बाजारपेठेची, भिंत एकच. त्या भिंतीवर आधी एक पांढरी टोपी दिसली, मग एक पाय आला, मग दुसरा. मग अख्खा माणूस भिंतीवर बसून म्हणाला, "मास्तर, रिंग बुटकी हाय."

"दहा फूट आहे," मी म्हणालो. "स्वतः मोजलीय."

"कितींदा?"

"म्हणजे?"

"कितींदा मोजली?"

"एकदा."

त्या माणसानं माझ्याकडे अशा दयेनं पाहिलं, की मला वाटलं हा आता माझ्या डोक्यावर हात ठेवणार. तो खाली उतरला, खिशातून दोरी आणि ओळंबा काढला, आपल्या लोखंडी गजानं तीन वेगवेगळ्या बाजूंनी तीनदा माप घेतलं आणि खडूनं खांबावर रेघ ओढली. "चार इंच. तिन्ही खेपेला चारच." मी तसाच घरी गेलो, टेप मागितली, आणि पुढचं वर सांगितलंच आहे.

हे चाँदभाई मापाडी. शेख चाँद. मोंढ्यात येणारी हळद, ज्वारी, कापूस, सगळं त्यांच्या काट्यावरून जायचं. वय पन्नाशीच्या आसपास, कानावर पेन्सिल, तळहात आणि नखं हळदीनं कायमची पिवळी. काट्याकडे पाहून पाहून डावा डोळा अर्धा मिटलेला असायचा, त्यामुळे ते समोरच्याला 'राम राम' म्हणाले तरी समोरच्याला आपण थोडे कमी भरलो असं वाटायचं. मोंढ्यामागच्या एका खोलीत एकटेच राहत. बायको लग्नानंतर तीन वर्षांतच गेली. दुसऱ्या लग्नाचा विषय कुणी काढला की म्हणायचे, "एकदा केलं न्हवं? झालं की." आयुष्यात एका खेपेत पुरी झाली असं त्यांनी मानलेली ही एकमेव गोष्ट. बाकी जगातल्या कुठल्याही गोष्टीवर एका खेपेत त्यांचा विश्वास बसत नसे.

हॉटेलात कुणी म्हणालं, "आज चहा फक्कड झालाय," की यांचा प्रश्न, "काल व्हता का? परवा?" कुणी म्हणालं, अमका माणूस फार सज्जन आहे, की "कितींदा भेटले?" आमच्याकडे पहिल्यांदा जेवायला आले तेव्हा हिनं विचारलं, वांग्याची भाजी कशी झालीय. चाँदभाई घास थांबवून विचारात पडले. "चांगली हाय वहिनी. पन आज पहिल्यांदाच खाल्ली. आनखी दोन-चारदा खाल्ल्याबिगर पक्कं सांगता येनार न्हाई."

मला हसू आवरेना. ही मात्र गंभीरपणे म्हणाली, "मग गुरुवारी येता?"

तेव्हापासून दर गुरुवारी वांग्याची भाजी. निकाल अजून लागलेला नाही.

तर रिंग वर गेली, आणि चाँदभाई भिंत उतरून आले ते परत गेलेच नाहीत. मोंढ्यातला काटा बंद झाला की पाचच्या ठोक्याला भिंतीवर टोपी दिसायची. बास्केटबॉलचे नियम त्यांना माझ्याइतकेच, म्हणजे फारसे माहीत नव्हते. त्यांना खेळाशी कर्तव्यच नव्हतं. त्यांना एकच जाणून घ्यायचं होतं: कोणती पोरगी किती टाकते. बराबर किती.

"नीला सगळ्यांत चांगली," मी म्हणालो. नीला आमची कर्णधार. डॉक्टरांची मुलगी, उंच, चपळ. तिनं लांबून चेंडू टाकला आणि तो जाळीतून सळसळत खाली आला की मोंढ्यातले हमालसुद्धा पोतं पाठीवर तसंच ठेवून बघत राहायचे. "दहात नऊ टाकते."

"कवा?"

"टाकते की कधी कधी."

"मास्तर, 'कधी कधी' ह्ये माप कोन्त्या दुकानात मिळतं?"

मी जाळीची गाठ तपासायला लागलो.

"हळदीचं पोतं येतं," चाँदभाई म्हणाले. "येपारी तोंडाजवळची मूठ काढून दावतो. मोठाली, पिवळीधमक. त्या मुठीवर पोत्याचा भाव करनारा मानूस मोंढ्यात एक साल टिकत न्हाई. वरून एक मूठ, कमरंतून एक, बुडातून एक. तवा पोतं कळतं. ह्या पोरी काय मुठीएवढ्या हायत काय?"

आणि मोजणी सुरू झाली.

त्या मोजणीचे नियम ऐकून तालुका कचेरीसुद्धा दमली असती. प्रत्येक मुलीनं रोज दहा चेंडू पाच ठिकाणांवरून टाकायचे, आणखी दहा फ्री थ्रोच्या रेषेवरून. ठिकाणं खडूनं आखलेली. कुणाचा अंगठा रेषेवर आला की तो चेंडू बाद. चेंडू एकच, हवा रोज तेवढीच. ती चाँदभाई अंगठ्यानं दाबून बघत. वारा सुटला की मोजणी बंद. शिवाय मैदानाला दोन फेऱ्या मारून धापा टाकताना पुन्हा दहा. "सामन्यात काय पोरी खुर्चीवरून उठून टाकनार हायत?" हा त्यांचा सवाल.

मोजायला दोन माणसं, एकमेकांकडे पाठ करून बसलेली. दोघांचा आकडा जुळला तरच वहीत. जुळला नाही तर सगळं रद्द, पुन्हा पहिल्यापासून. पहिल्या दिवशी त्यातला एक मी होतो. चाँदभाईंचे पाच, माझे सात. पुन्हा मोजलं. त्यांचे चार, माझे सहा.

"मास्तर, ह्यो रिंगवर फिरून भाईर पडला, त्यो तुमी धरला."

"पण जवळजवळ पडलाच होता की हो!"

"तुमी पोरींवर माया करून राहिले," ते शांतपणे म्हणाले. "मायेनं माप वाढतं. तुमी शिट्टी वाजवा."

अशा रीतीनं बास्केटबॉलच्या प्रमुखाची शिट्टीवर बदली झाली. माझ्या जागी गणिताच्या कुलकर्णीबाई आल्या. त्यांना मायेचा त्रास नव्हता.

मोंढ्यात माप घालताना पहिल्या मापाला कुणी एक म्हणत नाही, 'लाभ' म्हणतात, आणि पुढचं माप पडेपर्यंत चालू आकडा घोळवत राहतात. चाँदभाईंच्या तोंडी तेच. पहिला चेंडू पडला की "लाभ, लाभ, लाभ…", दुसरा पडला की "दोनं, दोनं, दोनं…" महिन्याभरात सगळ्या मुलींच्या तोंडी ते बसलं. वर्गात हजेरी घेताना मी पहिला नंबर पुकारला की मागच्या बाकावरून हळूच 'लाभ' ऐकू यायचं.

पण आत किती पडले, एवढ्यावर चाँदभाईंचं समाधान होईना. चुकलेले कुठं लागले ते हवं. नजरेनं दिसेना. एके दिवशी ते मोंढ्यातून हळदीच्या पुडीची पिशवी घेऊन आले, चेंडू तिच्यात घोळला आणि मुलींच्या हातात दिला. चेंडू लाकडी फळीवर जिथं आपटे तिथं पिवळा ठसा. चाँदभाई हरखले. आठ दिवसांत फळी पिवळी, जाळी पिवळी, आणि मुली कोपरापासून गालांपर्यंत पिवळ्या.

नवव्या दिवशी शाळेच्या फाटकातून पाच-सहा बाया तरातरा आत आल्या. पुढे सखूबाई खिल्लारे. त्या मोंढ्यात हळद निवडायच्या. त्यांचा नवरा तिथंच हमाल. त्यांची मुलगी सुमन आमच्या संघात होती. बुटकी, अबोल, कधी चमक नाही, कधी तक्रार नाही. संघात ती आहे हे मला बऱ्याचदा मोजल्यावर कळायचं.

"मास्तर!" सखूबाई कडाडल्या. "माजी पोर नव्वीत हाय. आठ दिस झाले, रोज हळद लावून घरी येऊन राहिली. गल्लीत बाया इचारून राहिल्या, कुनाची हळद? नवरा कोन? आमाला काहून सांगितलं न्हाई?"

 शिट्टी वाजवावी असं एकदा वाटलं. चाँदभाई पुढे झाले, त्यांनी हात वर करून रिंग दाखवली. "सखूबाई, नवरदेव त्यो बगा. लोखंडाचा हाय. हुंडा मागत न्हाई, दारू पीत न्हाई, दहा फूट उंच हाय."

बाया आधी रिंगकडे बघत राहिल्या, मग एकमेकींकडे, मग त्यांच्यात जी हसण्याची लाट आली ती सखूबाईंनाही आवरेना. "आन् पोरगी पसंत हाय का त्याला?" त्यांनी पदरानं डोळे पुसत विचारलं.

चाँदभाई एकदम गंभीर झाले. "तेच तर मोजून राहिलो."

डॉक्टरांनीही नीलाबरोबर चिठ्ठी पाठवली होती: 'हळद जंतुनाशक असल्याने हरकत नाही, मात्र पांढरा फ्रॉक वगळावा.'

हळदीनं काम केलं होतं. नीलाचे चुकलेले सगळे ठसे फळीच्या उजव्या अंगाला दाटले होते. तिचं कोपर बाहेर जात होतं. आजवर एकाही माणसाच्या नजरेला, म्हणजे माझ्या, ते दिसलं नव्हतं. तिनं कोपर आत घेतलं आणि पंधरा दिवसांत ठसे मधे सरकायला लागले.

तीन महिन्यांनी चाँदभाईंनी वही माझ्यासमोर ठेवली. "बगा."

नीलाच्या ओळीत नऊ, तीन, आठ, दोन, सात, नऊ, तीन. सुमनच्या ओळीत सहा, सात, सहा, सहा, सात, सहा. धावल्यानंतरच्या रकान्यात नीलाचे निम्मे झालेले. सुमनचे सहा, सहा, सहा. आणि फ्री थ्रोच्या रेषेवरून, जिथं कुणी अडवायला नसतं, तिथं आठ, आठ, सात, आठ, आठ. जणू कुणी कार्बन कागद घालून लिहिलंय.

"नीला नवाची बी हाय आन् दोनाची बी," चाँदभाई म्हणाले. "आज कोन्ती आली ते पडल्यावर कळतं. त्या रेषेवरून सुमन आठाची हाय. काल, आज, दमून, न दमता, आठाची."

मी ती वही पाहत राहिलो. तीन महिने मी नीलाला टाळ्या वाजवल्या होत्या. सुमनला मी एकदाही "शाब्बास" म्हटल्याचं मला आठवेना. ही मुलगी रोज माझ्या डोळ्यांसमोर सोनं तोलत होती आणि मी चकाकीच्या दुकानात उभा होतो.

नीलानंही ती वही पाहिली. तिला वाईट वाटेल म्हणून मी काहीतरी गुळमुळीत बोलायला लागलो. ती म्हणाली, "सर, हे बरोबर आहे. मला माहिती होतं. फक्त कुणी लिहिलेलं नव्हतं."

पावसाळा संपता संपता आम्ही परभणीला गेलो. एस.टी.च्या मागच्या दोन बाकांवर मुली, त्यांच्यात हवेचा पंप मांडीवर घेऊन चाँदभाई. दोन सामने आम्ही जिंकलो. तिथल्या प्रेक्षकांना आमच्या मुली पहिली बास्केट पडली की 'लाभ!' असं का ओरडतात ते कळेना. दुसऱ्या सामन्यापासून तेही ओरडायला लागले.

अंतिम सामना आदल्या वर्षीच्याच संघाशी. ज्यांनी आम्हाला एकतीस–चारनं परत पाठवलं होतं, तेच. या खेपेला शेवटच्या मिनिटाला दोन्ही बाजूंचे अठ्ठावीस. अर्धं मिनिट उरलं असताना पंचांनी एक निर्णय आमच्या बाजूनं दिला, त्यांच्या कर्णधारानं रागानं चेंडू जमिनीवर असा आपटला की तो टेबलावरच्या गुणपत्रिकेवर जाऊन पडला. पंचांनी शिट्टी फुंकली. तांत्रिक फाउल. आम्हाला दोन फ्री थ्रो. आणि ते कुणी मारायचे हे आमच्या कर्णधारानं ठरवायचं.

"नीला! नीला!" वसमतहून आलेली सगळी मंडळी ओरडायला लागली. हेडमास्तरही आले होते, तेही ओरडत होते. नीला त्या दिवशी नवाची होती की दोनाची, सांगता येत नव्हतं; आधी तिनं चार सुंदर बास्केट टाकल्या होत्या आणि सहा भयंकर चुकवल्या होत्या. तिनं माझ्याकडे पाहिलं. माझ्या डोळ्यांपुढे सायकल स्टँडचं छप्पर उभं राहिलं. वही मला पाठ होती, तरी माझे ओठ 'तूच मार' म्हणायला निघाले होते, हे आज कबूल करायला हरकत नाही.

मी काही म्हणायच्या आत नीलानं वळून चेंडू सुमनच्या हातात दिला.

मैदानावर गलका झाला. "ही कोण?" "ह्या बुटकीला काहून दिला?" हेडमास्तरांनी डोक्याला हात लावला. मी चाँदभाईंचा दंड घट्ट धरला.

"चाँदभाई, पडेल ना हो?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "ते मला काय माहीत?"

"अहो, तुम्हीच मोजलंय ना!"

"शंभर टाकू द्या, सांगतो. ह्ये दोनच हायत. दोनात काय कळतं?"

बोलायला एवढे ठाम, पण मोकळ्या हातानं ते पंपाचा दांडा उगाच खालीवर करत होते.

सुमन रेषेपाशी गेली. खाली बघून अंगठा रेषेच्या मागे असल्याची खात्री केली. चेंडू दोनदा आपटला. टाकला. चेंडू रिंगवर बसला, एक गिरकी घेतली, दुसरी घेतली आणि बाहेर पडला. माझ्या मायेनं तो धरला होता. पंचांनी धरला नाही.

त्या शांततेत चाँदभाई एवढंच पुटपुटले, "दहातले दोन चुकनारच असतात. त्यातला ह्यो एक गेला."

सुमननं हात स्कर्टला पुसले. चेहऱ्यावर रोज संध्याकाळी असायचा तोच भाव, म्हणजे काहीच नाही. पुन्हा दोनदा आपटला. टाकला. रिंगला चेंडू लागलाच नाही. नुसती जाळी हलली.

"लाभ!" एक घोगरा आवाज माझ्या कानापाशी फुटला. आमचे चाँदभाई उडी मारत होते. पन्नाशीचा माणूस, हातात सायकलचा पंप, टोपी मागे उडालेली. उरलेला वेळ नीलानं आणि बाकीच्या मुलींनी हात पसरून, जीव तोडून राखला. शेवटची शिट्टी झाली. एकोणतीस–अठ्ठावीस. ढाल वसमतला.

पुढे काय सांगावं! एस.टी.च्या ड्रायव्हरनं मोंढ्यापर्यंत हॉर्न दाबून धरला होता. हमालांनी सुमनला खांद्यावर घेतलं. तिचा बाप तोंड फिरवून उपरण्यानं डोळे पुसत होता आणि कुणी विचारलं की हळद डोळ्यात गेली म्हणून सांगत होता. सखूबाईंनी रिंगच्या खांबाला हळदकुंकू लावलं आणि "जावईबापू!" म्हणून नमस्कार केला. सबंध मोंढा हसून लोळला. हेडमास्तरांनी भाषण केलं. खांब ही शाळेची शान असून ती आपण नेहमीच ओळखून होतो, असं ते म्हणाले. पत्रेवाल्याला त्यांनी दुसऱ्याच दिवशी परत पाठवलं. भाषणात 'ती एक फेक' असे शब्द सात-आठदा आले.

चाँदभाई गर्दीच्या मागे चरफडत होते. "एका थ्रोवर नाचून राहिले. त्याच्या मागं तीन हजार हायत, त्यांचं कोनी नावच काढीना."

ते तीन हजार लोकांना दिसावेत म्हणून मी एक बेत केला. चाँदभाईंच्या वह्यांची स्वच्छ नक्कल करून शाळेच्या दप्तरी ठेवायची. त्यांनी पाच वह्या दोरीनं बांधून माझ्या हातात दिल्या. "नक्कल करा. दोनदा पडताळा." रविवारी दुपारी मी आणि कुसुम बैठकीत बसलो. ती वाचणार, मी लिहिणार.

आकड्यांच्या शेजारी त्यांच्या बारीक, वाकड्या अक्षरात काही शेरे होते. मी मैदानावर ते कधी वाचलेच नव्हते. ही वाचायला लागली.

"सुमन. आज मोजू नये. घरी चूल पेटली नाही. मोंढ्यातून भाकरी आणून दिली, खाल्ली. उद्या मोजणे."

"नीला. आज दोन. धरू नये. वडील रागावले आहेत, रडून आली."

"सुमन. आईला ताप. उगीच उभी केली. चूक माझी."

मायेनं माप वाढतं म्हणून मला शिट्टीवर धाडणाऱ्या माणसाच्या वहीत हे होतं. त्यांनी माप वाढवलं नव्हतं. वाईट दिवस तेवढे मापातून बाजूला काढले होते, पोत्यातून खडे काढावेत तसे.

पाचवी वही जुनी होती, मळकी. चुकून गठ्ठ्यात आली असावी. वरती तारीख दोन वर्षांपूर्वीची, खांब उभे राहिले त्या महिन्यातली. पहिल्या पानावर लिहिलं होतं: 'चेंडू शाळेनं टाकून दिलेला. शिवून घेतला.' खाली रोजची एक ओळ. 'पहाट. नमाजनंतर. शंभर.' मुलीचं नाव नव्हतं. नाव होतं चाँद.

'चाँद. शंभरात चार.' 'चाँद. शंभरात सात.' 'चाँद. पाऊस. मोजू नये.' 'चाँद. ईद. शंभरात नऊ.' पानंच्या पानं. हरलो त्या दिवशीची, जिंकलो त्या दिवशीची, काल पहाटेची. या माणसानं आमच्यासमोर कधी चेंडूला हवा बघण्यापुरतं सोडून बोटही लावलं नव्हतं. खांब उपटले गेले असते तर ही ओळ तिथंच तुटली असती, आणि ती होती हे गावात कुणाला कळलंही नसतं.

मला का कोण जाणे, हसू आलं.  मी शेवटची ओळ मोठ्यानं वाचली. "शंभरात अकरा. दोन वर्षांत चारावरून अकरावर! बघ, कुसुम, सुधारणा आहे."

 हिनं वही मिटली, तिच्यावर दोरी पुन्हा होती तशी बांधली आणि म्हणाली, "अहो, आत पडले ते खांबाखालीच पडतात. पण उरलेले एकोणनव्वद चेंडू पहाटेच्या अंधारात त्यांना कोण आणून देतं हो?"